नगराध्यक्षाचं धड

डॉन फाउस्तो : ...आणि हे सगळं बोलताना तो नगरपालिकेचा इन्स्पेक्टर माझीच कॉफी पीत होता, बरं का! म्हणतो, "चित्र झकास जमलंय, डॉन फाउस्तो. पोट धरून हसलो मी. फक्त त्यातून नगराध्यक्ष तेवढे काढा."

रोमुलो : नगराध्यक्षांच्या चित्रातून नगराध्यक्ष काढा.

एर्सिलिया : म्हणजे लग्न लावा, फक्त नवरा नको!

डॉन फाउस्तो : दात काढू नकोस, पोरी. जाहिराती भिंतींवर लागल्या. सगळं ब्युनोस आयरेस विचारतंय, पुठ्ठ्याची माणसं पडद्यावर चालतात म्हणजे चालतात कशी. आणि नगरपालिका म्हणते, ह्या एका माणसाला चालवलंत तर तुमच्या हॉलला टाळं.

रोमुलो : मग संपलं. उन्हाळाभर मी दिव्याखाली बसलो. पुठ्ठ्याचा हात केसभर सरकव, कॅमेऱ्याचं हँडल फिरव, पुन्हा केसभर सरकव. माझी पाठ गेली त्या चित्रात. ते आता चुलीत घाला.

डॉन फाउस्तो : चुलीत कशाला? तो काय म्हणाला ते ऐक नीट. पूर राहू दे म्हणाला. नगराध्यक्ष आंघोळीच्या टबात बसून, छत्री धरून, मागे बँड घेऊन पुरात भाषण ठोकायला येतो, तेही राहू दे. रेल्वेच्या साहेबाचे बूट चाटतो, राहू दे. वाकतो, विजार टर्रकन फाटते, तोंडावर चिखलात आपटतो, तिथे तर इन्स्पेक्टर मेला पुन्हा हसला. म्हणाला, "आमचा आक्षेप धडावर नाहीच. डोक्यावर आहे."

एर्सिलिया : मग डोकं बदला की! त्यात काय एवढं? आपल्या सगळ्या माणसांना मानेत एकच भोक आणि एकच खिळी. मामा, परवा नाही का मी बिशपच्या मानेवर घोड्याचं डोकं बसवलं?

रोमुलो : बसवलंस. घोडा जास्त शहाणा दिसत होता.

डॉन फाउस्तो : तेच तर म्हणतोय. पण बसवायचं कोणाचं?

एर्सिलिया : कोणाचंही सांगा! संध्याकाळच्या आत कापून देते. आमच्या अख्ख्या नॉर्मल स्कूलमध्ये, मास्तरणी व्हायला आलेल्या एवढ्या मुलींत, माझ्यासारखं नाक कोणाला काढता येत नाही. चित्रकलेच्या बाई म्हणतात, "स्कोर्सा, तुझ्या हातात कात्री नाही, विंचू आहे विंचू!"

रोमुलो : ट्रामचा कंडक्टर घ्या. सगळे त्याला शिव्या देतात.

डॉन फाउस्तो : ट्राम कंपनी माझ्या पडद्यावर जाहिरात देते.

एर्सिलिया : मग पाद्री!

डॉन फाउस्तो : बायको घरात घेणार नाही.

रोमुलो : पोलीस शिपाई.

डॉन फाउस्तो : तुला तुझे दात नकोसे झालेत का?

एर्सिलिया : खाटीक! आमच्या कोपऱ्यावरचा, मटणात हाडंच जास्त घालतो तो.

डॉन फाउस्तो : त्याच्याकडे सुरा आहे. अगं, समजून घे जरा. असं डोकं हवंय की ज्याच्या मागे कंपनी नाही, देव नाही, बंदूक नाही, सुरा नाही. आणि तरी बघताक्षणी लोकांनी म्हटलं पाहिजे, "अरेच्चा, हा तर तो!"

रोमुलो : म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला आणि कोणीच नसलेला.

डॉन फाउस्तो : हां, बरोबर बोललास. तुझ्या ह्या डब्यात काय आहे गं?

एर्सिलिया : हात नका लावू! तो माझा डबा आहे. कामाची डोकी त्या खोक्यात.

डॉन फाउस्तो : ही कोण, चष्मेवाली?

एर्सिलिया : गणिताच्या बाई.

डॉन फाउस्तो : आणि ही बकरी?

एर्सिलिया : त्याही गणिताच्याच बाई. परीक्षेच्या दिवशीच्या.

डॉन फाउस्तो : आणि हा... थांब. थांब थांब! मिशा अशा ओल्या मांजरीसारख्या खाली आलेल्या, कान हे असे, भुवया वर. जसा काही सगळ्या जगाची माफी मागतोय. रोमुलो, दिवा इकडे कर. हा आपल्या दारातला! तिकिटं फाडतो तो! हा बियाजो!

एर्सिलिया : द्या ना इकडे. तो आमचा घरचा खेळ आहे. सान बियाजोचा सण म्हणजे पपांच्या नावाच्या संताचा दिवस, म्हणून मी चादर बांधून, मागे दिवा लावून खेळ केला होता. नगराध्यक्षाचं धड नेलं होतं घरी एका रात्रीपुरतं. त्यावर पपांचं डोकं! पपा टबात बसून तिकिटं फाडतायत. "पायरी आहे, सांभाळून! पायरी आहे, सांभाळून!" असं सगळ्यांना सांगतायत आणि स्वतःच धाडकन पडतायत. सगळ्यांत जास्त तेच हसले. खोकला लागेपर्यंत.

डॉन फाउस्तो : पायरी आहे, सांभाळून! अगदी तस्संच म्हणतो गं तो! गवंड्याने माझ्या हॉलच्या दाराशी एक पायरी उंच बांधली आणि हा माणूस वर्षानुवर्षं गवंड्याच्या वतीने माफी मागतोय. ...रोमुलो. डोळ्यांपुढे आण. लोक याच्या हातून तिकीट फाडून घेतात, आत बसतात, दिवे जातात आणि पडद्यावर हाच! आणि मान वळवून बघावं तर मागे दाराशी हाच उभा!

रोमुलो : माझ्या बहिणीचा नवरा आहे तो, डॉन फाउस्तो.

डॉन फाउस्तो : म्हणजे घरचाच. तक्रार कुठे घेऊन जाणार?

एर्सिलिया : नाही. पपा नकोत. अहो, ही गोष्टच मुळी त्यांची आहे! रिआचुएलो नदी चढली त्या वर्षी ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, तापाने फणफणलेल्या आईला खांद्यावर घेऊन. आणि नगराध्यक्ष आला होडीतून, छत्री धरून, बँड वाजवत. ते त्यांनी मला सांगितलं, मी मामाला, मामाने तुम्हाला. म्हणून तर हे चित्र झालं! आणि आमची सगळी चाळ येणार आहे पहिल्या खेळाला. पपा दारोदार फिरून सांगतायत, "या, नगराध्यक्ष चिखलात पडणार आहे, बघायला या."

डॉन फाउस्तो : यायलाच हवं त्यांनी. बरं, मला सांग, तुझं नाव कुठे यायचं ठरलंय?

एर्सिलिया : शेवटी. मामाच्या खाली. बारीक अक्षरात.

डॉन फाउस्तो : आणि असं असेल तर? सगळा पडदा काळा. मधोमध पांढरी अक्षरं. "डोकी : एर्सिलिया स्कोर्सा." वर कोणी नाही, खाली कोणी नाही. अडाण्यालासुद्धा वाचता येईल इतका वेळ हलणार नाही ते नाव.

एर्सिलिया : एकटं?

डॉन फाउस्तो : एकटं. आणि तुझ्या त्या शाळेतल्या शिष्ट मैत्रिणींना बाल्कनीत जागा, माझ्याकडून.

रोमुलो : एर्सिलिया.

एर्सिलिया : पपा हसले होते, मामा. होतास ना तू?

रोमुलो : घरी हसला. घरी आपण होतो.

एर्सिलिया : मग इथेही हसतील. ते काय रुसूबाई आहेत? ...पण हे एक डोकं पुरायचं नाही. तोंड मिटलेलं, तोंड उघडं, बाजूने, खाली वाकलेलं... चाटायचं म्हणजे जीभही लागेल.

डॉन फाउस्तो : बघ! कारागीर बोलायला लागली.

एर्सिलिया : मामा, तू काहीतरी बोल ना.

रोमुलो : मी काय बोलणार? मी हलवतो. डोकं कोणाचंही लावा, धड तसंच वाकतं.

*

बियाजो : कॉलर घालू का गं? शाळेत दाखवायचं असेल तर कॉलर बरी.

एर्सिलिया : नको पपा, असेच बसा. शाळेसाठी नाहीये. चित्रासाठी आहे.

बियाजो : कुठल्या? आपल्या? पुराच्या?

एर्सिलिया : हलू नका! हो, पुराच्या. पुरात माणसं लागतात ना.

बियाजो : मी? पडद्यावर? अगं, मी तर जन्मभर पडद्याकडे पाठ करून उभा राहिलोय. लोकांना चित्र दिसतं, मला लोक दिसतात. ...तुझी आई असायला हवी होती. ती तापातसुद्धा हसली होती त्या छत्रीला. माझ्या कानात म्हणाली, "बियाजो, पाणी खालून येतंय आणि हा मेला छत्री वर धरतोय."

एर्सिलिया : हे मला कधी सांगितलं नाहीत!

बियाजो : घाल की मग चित्रात.

एर्सिलिया : आता... बघू. तोंड उघडा. मोठं. आणखी.

बियाजो : आ... असं?

एर्सिलिया : आता जीभ बाहेर.

बियाजो : जीभ कशाला?

एर्सिलिया : तहानलेला माणूस आहे. पुरात प्यायला पाणी नव्हतं, तुम्हीच सांगितलंत ना.

बियाजो : खरंय, अगदी खरंय! चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. काय डोकं आहे माझ्या पोरीचं! ...आ... पुरे का?

एर्सिलिया : पुरे. आता उभे राहा. आणि वाका.

बियाजो : काही पडलंय का खाली?

एर्सिलिया : नाही. चित्रात वाकायचंय. नगराध्यक्ष आल्यावर गर्दी वाकते.

बियाजो : मी नव्हतो वाकलो.

एर्सिलिया : माहितीये हो, पण चित्र आहे हे.

बियाजो : चित्र आहे म्हणूनच सांगतो. सगळ्यांनी टोप्या काढल्या, वाकताना पाण्यात बुडवून पुन्हा डोक्यावर घातल्या. मी टोपीलाही हात लावला नाही. हात मोकळे कुठे होते? खांद्यावर तुझी आई. वाकलो असतो तर ती पाण्यात गेली असती.

एर्सिलिया : एकदाच, पपा. माझ्यासाठी.

बियाजो : दुसरा कोणी नाही का मिळत वाकायला?

एर्सिलिया : तुमच्यासारखं डोकं मला कोणाचंच जमत नाही.

बियाजो : हं. ...असं?

एर्सिलिया : आणखी.

बियाजो : एवढं?

एर्सिलिया : अजून थोडं. आणि वर बघून हसा.

बियाजो : वाकून हसायचं?

एर्सिलिया : हो. छान. तसेच राहा. ...अगदी छान. हलू नका, भुवई राहिलीये.

बियाजो : आमच्या गावाकडे, कालाब्रियात, ओझ्याखालचं गाढवसुद्धा एवढं वाकत नाही, एर्सी. ...झालं?

एर्सिलिया : झालं. उठा.

बियाजो : दाखव बघू.

एर्सिलिया : नाही! शनिवारी, पहिल्या खेळाला.

बियाजो : बरोबर. शनिवारीच बघेन. नगराध्यक्षासकट.

*

रोमुलो : खिडकी लाव. ही पहिली फीत धुऊन आली. फक्त वाकण्याची जागा आहे. भिंतीवर बघ.

एर्सिलिया : फिरव ना लवकर! ...अय्या! मामा! अगं बाई! चालतायत! ते... तो हात बघ, पाठीमागे धरतात तसा! हा तूच केलास?

रोमुलो : तुझा बाप रोज तसाच उभा असतो. धड नगराध्यक्षाचं, हात मात्र आपोआप त्याचा झाला.

एर्सिलिया : आणि आता वाकले... आणि जीभ! हा हा हा! अरे देवा, मामा, पोटात दुखायला लागलं! ती मिशी बुटाला ब्रशसारखी लागते! अगदी पपा! अगदी अगदी पपा! पुन्हा लाव!

रोमुलो : पुन्हा?

एर्सिलिया : पुन्हा! ...काय रे? असा काय बघतोस?

रोमुलो : काही नाही. चांगलं काम आहे. नगराध्यक्षाच्या डोक्याला मी कधी हसलो नव्हतो. ह्याला हसलो. आणि हसल्यावर तोंडात कडू आलं.

एर्सिलिया : तुला सगळंच कडू लागतं. तुला आइस्क्रीमही कडू लागतं.

रोमुलो : भुवया जरा बदल. मिशी काढून टाक. मग कोणीही होईल तो. कोणाला कळणार नाही.

एर्सिलिया : मग कोणी हसणारही नाही! मी काढलेल्या डोक्यांत हे सगळ्यांत चांगलं आहे, मामा. ते मी मुद्दाम वाईट करू? आणि पाटी रंगवून झालीये. बघितलीस? एकटं नाव! "स्कोर्सा"चा पहिला स कसला झोकदार काढलाय!

रोमुलो : स्कोर्सा. त्याचंच नाव आहे ते.

एर्सिलिया : माझंही आहे.

रोमुलो : त्याला सांगितलंस?

एर्सिलिया : सांगणार आहे.

रोमुलो : कधी?

एर्सिलिया : सांगणार आहे म्हटलं ना! आधी सांगितलं तर गंमत जाईल. ...तू फिरव.

*

बियाजो : या, या. पायरी आहे, सांभाळून. तिकीट? आभारी आहे. पायरी आहे, सांभाळून. ...अगं, तू पुढच्या दाराने कशी आलीस?

एर्सिलिया : पपा, एक सांगायचं होतं.

बियाजो : आधी तिकडे बघ! पुढच्या सगळ्या रांगा आपल्या चाळीच्या. वरच्या मजल्यावरची लंगडी दोन्या आसुन्ता, तिलासुद्धा खुर्चीत बसवून आणलंय. म्हणते, "त्या छत्रीवाल्याला पडताना बघितल्याशिवाय मी मरायची नाही." ...पायरी आहे, साहेब, सांभाळून.

एर्सिलिया : चित्रात थोडा बदल झालाय.

बियाजो : पडतो ना चिखलात?

एर्सिलिया : पडतो. म्हणजे... पडतं कोणीतरी.

बियाजो : मग झालं! आणि तू घाबरू नकोस. तुझ्या मैत्रिणी आल्या की मी काही बोलायचा नाही. तू त्यांना सांगितलंयस, पपा सिनेमाच्या धंद्यात आहेत. खोटं नाहीच ते. पण दारात असतात हे कशाला कळायला हवं? मी तिकीट फाडीन आणि गप्प उभा राहीन.

एर्सिलिया : पपा, तसं नाही. ऐका तर. ते डोकं...

डॉन फाउस्तो : एर्सिलिया! इथे काय करतेस? तुझ्या त्या मैत्रिणी, डॉक्टरांच्या मुली, आल्यात, बाल्कनीचा जिना विचारतायत. पळ! आणि बियाजो, दिवे गेले की बाहेर नाही जायचं. आत, मागच्या भिंतीशी उभं राहायचं. जिथून तू सगळ्यांना दिसशील... म्हणजे, तुला सगळं दिसेल.

बियाजो : आज मला बघायला देणार, डॉन फाउस्तो? पडद्याकडे तोंड करून?

डॉन फाउस्तो : आज खास.

*

डेल्फिना : श्श! सुरू झालं! बाल्कनीतून काय छान दिसतंय! ...अगं! तुझं नाव! एर्सिलिया, तुझं नाव! एवढं मोठं! आणि एकटंच!

एर्सिलिया : ओरडू नकोस ना. ...दिसतंय का नीट?

डेल्फिना : दिसतंय काय, चमकतंय! तुझे पपा कुठे बसलेत? त्यांना किती वाटत असेल!

एर्सिलिया : ते... मागे असतात.

डेल्फिना : आला, तो टब आला! कित्ती गोड! छत्री बघ! आणि... अय्या! थांब! हा तर... एर्सिलिया! हा दारातला! मघाशी माझं तिकीट फाडलं तो! "पायरी आहे, सांभाळून"वाला!

एर्सिलिया : हो.

डेल्फिना : हा हा! मिशी तीच! कान तेच! अगं, तू राक्षसीण आहेस! आणि ते खाली पाटीवर लिहून आलं, "पायरी आहे, सांभाळून," आणि स्वतःच... पडला! सगळा हॉल हसतोय! ऐक ना, सगळा हॉल!

एर्सिलिया : ऐकतेय.

डेल्फिना : फक्त त्या पुढच्या रांगा गप्प आहेत. ती चाळीतली माणसं आहेत ना? त्यांना विनोद कळत नाही वाटतं.

एर्सिलिया : कळतो.

डेल्फिना : आता बूट चाटतोय! शी! जीभ बघ, जीभ! हा हा... ते बघ, आता पुढचेही हसायला लागले! ती खुर्चीतली म्हातारी बघ, गदागदा हलतेय! तू का नाही हसत? तुझंच तर आहे सगळं!

एर्सिलिया : हसतेय की. हे बघ, हसतेय.

डेल्फिना : लोक मागे का बघतायत सगळे? ...अगं, तो तिथेच आहे! खराखुरा! भिंतीला चिकटून उभा आहे. वळून बघ ना!

एर्सिलिया : मला इथून दिसत नाही.

डेल्फिना : मान वळव ना जराशी!

एर्सिलिया : नाही म्हटलं ना, डेल्फिना! चित्र बघ. आता चिखल येईल.

*

(खेळ सुटला आहे. हॉलचं दार सताड उघडं. बियाजो दाराला पाठ लावून ताठ उभा. फाडलेली तिकिटं त्याच्या मुठीत.)

एक माणूस : अहो पायरीवाले! म्हणा ना एकदा! मुलाला ऐकायचंय!

एक बाई : म्हणतो का नाही? रोज तर म्हणतो!

दुसरा माणूस : वाक रे जरा! तसा वाक, बुटावर! हा बघ माझा बूट, आजच पॉलिश केलाय!

डॉन फाउस्तो : म्हण रे बियाजो. लोक मायेने बोलतायत. आणि उद्यापासून ती छत्री घेऊन उभा राहा दारात. माझ्याकडे आहे एक मोठी काळी.

बियाजो : हात मोकळे नाहीत, डॉन फाउस्तो.

डॉन फाउस्तो : मूठ उघड की. कचरा आहे तो.

(बियाजो मूठ पाठीमागे नेतो.)

डॉन फाउस्तो : बरं, आज राहू दे. उद्या बघू. लोकहो, हळूहळू, ढकलू नका! पुढचा खेळ सहाला! तोच माणूस, तोच चिखल!

रोमुलो : बियाजो. मी... फक्त हलवलं रे.

बियाजो : छान हलवलंस. हात माझाच होता, ओळखला मी. दोन्या आसुन्ताची खुर्ची उचल, रोमुलो. ह्या गर्दीत तिला कोणीतरी पाडेल.

रोमुलो : तीही हसली.

बियाजो : मग? चित्र हसण्यासाठीच आहे. खुर्ची उचल.

डेल्फिना : एर्सिलिया, हळू ना! केवढी घाई! अगं, तो बघ, इथेच आहे. आपण बोलूया ना त्याच्याशी!

एर्सिलिया : उशीर होतोय, डेल्फिना. चल.

डेल्फिना : एकच मिनिट! अहो, ऐका ना, तुम्हाला माहितीये का तुमचं डोकं कोणी केलं? हिने! ही एर्सिलिया! पडद्यावर नाव होतं ना मोठं, ती ही! अगं, अशी खाली काय बघतेस? त्यांना हात तरी मिळव. तुमच्याकडे बघून बघून काढलं असणार हिने. तुम्ही ओळखता ना हिला?

बियाजो : नाही.

डेल्फिना : रोज येते ही इथे! कधी बघितलं नाहीत?

बियाजो : दारातून पुष्कळ लोक जातात, बाईसाहेब. मी हात बघतो, तिकीट बघतो. तोंडाकडे कुठे बघतो?

डेल्फिना : तुम्ही रागावलात का?

बियाजो : छे. डोकं फार चांगलं काढलंय. अगदी माझं आहे. फक्त त्या दिवशी मी वाकलो नव्हतो, एवढंच.

डेल्फिना : कुठल्या दिवशी? ...एर्सिलिया, काय म्हणतोय हा?

एर्सिलिया : प...

बियाजो : पायरी आहे, सेन्योरीता. सांभाळून उतरा.